खालून वर वाचणारे गुरुजी

एकदा एक व्यापारी शेठजी खाडीकाठच्या वृद्ध गुरुजींकडे आले. परमुलखातल्या एका बेटावर चक्रीवादळाने घरांची छपरं उडवून नेली होती. शेठजींनी दयेपोटी दोन हजार निळ्या ताडपत्र्या गलबतात भरल्या होत्या आणि संध्याकाळच्या भरतीला गलबत सुटायचं होतं. त्याआधी, अशी मदत पूर्वी ज्यांनी नेली त्यांचे अनुभव कानावर पडावेत, एवढीच त्यांची इच्छा. माणूस सज्जन; फक्त सज्जनपणाला जरा घाई झालेली.

गुरुजींनी शिष्याला हाक मारली. देशोदेशी मदतकार्य करणारे लोक ब्लॉग लिहितात म्हणे, त्यातला वाचण्याजोगा एक शोध, असं सांगून ते सुपारी कातरत बसले.

शिष्य विद्वान होता, म्हणजे त्याला चष्मा होता. बाहेर दुपार पेंगत होती. उन्हाच्या धुरकट झळाळीत होड्या पाण्यावर तरंगताहेत की आभाळात, ते उमजत नव्हतं. त्याने मोबाइलवर ब्लॉगामागून ब्लॉग पालथे घातले. कुठे सक्षमीकरण, कुठे शाश्वत विकास, आणि हसरी मुलं तर सगळीकडेच. वाचता वाचता त्याचे डोळे दोनदा पाणावले, एकदा मिटलेही. अखेर त्याने तीन देखणे ब्लॉग निवडले. चौथा अगदीच गबाळा होता, तो गुरुजींच्या करमणुकीसाठी ठेवला.

गुरुजींनी मोबाइल हाती घेतला आणि बोटाने सरकवत सरकवत थेट तळ गाठला. वरची एक ओळ पाहिली नाही. शिष्याला म्हाताऱ्याची कीव आली.

"गुरुजी, लेख वर आहे."

"असू दे की. पडणार नाही."

तळाशी वाचकांचे अभिप्राय होते. पहिल्या तीन ब्लॉगांखाली 'थोर कार्य', 'नतमस्तक', आणि जोडलेल्या हातांची रांग. सगळी मंडळी देणाऱ्यांच्याच गावची. चौथ्याखाली मात्र भांडण पेटलेलं. तसल्याच कुठल्या बेटावरच्या एका कोळिणीने लिहिलं होतं: 'तुमच्या निळ्या ताडपत्र्यांनी आमची घरं समुद्रात विरघळली. आमची माणसं छप्पर ओळखून होडी वळवतात. माझा नवरा घरासमोरून तीनदा गेला. आम्ही छपरावर चढून लाल लुगडी फडकवली, तेव्हा कुठे वळला.' त्याखाली लेखकाने चूक मान्य केली होती, आणि पुढच्या खेपेला आधी काय विचारावं ते तिलाच विचारलं होतं.

गुरुजी खुदकन हसले. "हा वाचण्याजोगा."

"पण इथे तर त्याला शिव्या घातल्यात."

"म्हणूनच रे पंडिता. परक्याशी कोण भांडतं? त्याला नमस्कार करून वाटेला लावतात. ज्याच्या ओसरीवर गावची बाई येऊन तोंड सोडते, आणि जो दार लावून घेत नाही, त्याला त्या गावाचं चार आणे तरी कळलेलं असतं."

शेठजींनी खाडीतल्या गलबताकडे पाहिलं. मग पुटपुटले, "निळ्यावर आमचं नाव पांढऱ्यात उठून दिसतं, म्हणून निळ्या घेतल्या होत्या."

त्या भरतीला गलबत सुटलं नाही. शेठजींनी बेटावर निरोप धाडला, आणि ज्याच्या त्याच्या छपराचा रंग मागवला. आठव्या दिवशी गलबत निघालं तेव्हा त्यात तांबडं, पिवळं, हिरवं असं अख्खं गाव घडी घालून निजलं होतं. काठावर शिष्य उभा होता. गलबत दिसेनासं होईतो त्याने ओलसर झालेला चष्मा पुसला नाही.

हा मजकूरही तुम्ही खालून वाचलात तरी चालेल; पण काही चुकलं असेल, तर भांडायला या.