दिव्यावरची पट्टी

ज्याने धरणं बांधली, त्याला बायकोने शहाणपण शिकवू नये, असं चिपळूणचे निवृत्त इंजिनिअर भाऊसाहेब खांबेटे यांचं ठाम मत होतं. त्यांच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि विषय संपवला.

त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी मात्र एक छोटं यंत्र मागवलं. गाडीला जोडलं की ते बिघाड सांगतं.

"परत पाठव ते!" भाऊसाहेब गरजले. "तपासायला गेलं की काहीतरी निघतंच. न तपासता गाडी उत्तम चाललीये."

भाऊसाहेब हल्ली जिन्यात मध्येच थांबून छाती चोळायचे. डॉक्टरांचं नाव काढलं, की त्यावरही हेच उत्तर मिळायचं.

दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ते वर आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले.

"काही नाही गं, गॅस झालाय."

कुमुदताईंनी चिकटपट्टी आणली, तिचा तुकडा तोडला आणि त्यांच्या सदऱ्यावर, डाव्या खिशापाशी, हळूच दाबून बसवला.

"हे काय?"

"दिवा झाकला. आता तुम्हीही उत्तम चालाल." एवढं त्या बोलल्या खऱ्या, पण त्यांचा हात काही तिथून निघेना.

भाऊसाहेबांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"चल, डॉक्टरांना दाखवून येऊ."

कुमुदताई गाडीची किल्ली घ्यायला वळल्या.

"गाडी नको, रिक्षा बोलाव," भाऊसाहेब पुटपुटले. "तिचा दिवा लागलाय."