दहा राजे आणि एक पाट

"आबा, मग यातलं कमी काय करू? मत्स्याचे खवले काढू, की रामाचं धनुष्य?"

निरंजनचा आवाज चढला होता. आबा चितारींनी मान वर केली नाही. ते गंजिफाचे पत्ते पिसत होते.

गंजिफाचे पत्ते म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल चकत्या, तळहाताएवढ्या. आबांसारखं ते रंगवणारं आता आसपास कुणी उरलं नव्हतं. निरंजन महिन्यापूर्वी पुण्याहून ही कला शिकायला आला होता. आल्या आल्या त्याने आबांच्या विष्णूच्या दहा अवतारांच्या दहा राजा-पत्त्यांचे फोटो काढले आणि त्यांची वेबसाइट केली. एकेक फोटो चौदा एमबीचा! रंगाचा एक कण सोडला नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

आज आबा त्याला डोंगरावरच्या वाडीत घेऊन आले होते. मथुरामावशी आणि त्यांची जाऊ येसूबाई यांच्याशी आबांचा दर गुरुवारी डाव असे. वाडीत नेटवर्कची एकच काडी, तीही ओटीच्या कोपऱ्यात.

मावशींनी फोन कोपऱ्यात धरला होता.

"ह्या नुसता गरगर फिरता रे..." वेबसाइट काही उघडत नव्हती.

"मथुरा चाळीस वर्सां माझे पत्ते खेळता," आबा म्हणाले. "तिका दिसनत नाय, तर दाखवतंस कोणाक? हो डाव संपायच्या आत तिच्या फोनवर दहा राजे दिसले, तर तू माझो शिष्य. नायतर संध्याकाळची एसटी पकड."

निरंजनने पाठीवरच्या सॅकमधून लॅपटॉप काढला. नोकरी सोडून आला होता बिचारा.

पत्ते वाटून झाले. दिवसाचा डाव, म्हणजे पहिली उतारी रामाच्या राजाची. तो येसूबाईंकडे निघाला.

"नेटवर्कच खराब आहे," निरंजन पुटपुटला. "फोटोंत दोष नाही."

आबा उठले. बुडाखालचा पाट काढला. त्यावर त्यांनीच कधीतरी मोठा मत्स्यावतार रंगवला होता. तो पाट त्यांनी निरंजनच्या हातात दिला.

"ह्या तुझा पान. खेळ."

निरंजनने पाट दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"अजून नऊ येतले," आबा म्हणाले. "धर."

येसूबाई खो खो हसल्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. निरंजनचे कान लाल झाले. तो पाटाकडे पाहत राहिला. मग मावशींच्या हातातल्या पत्त्याकडे. मग त्यांच्या फोनकडे... वीतभर काच.

"अरे देवा!"

पाट खाली, लॅपटॉप मांडीवर. फोनवर दिसणार बोटभर आणि मी पाठवतोय भिंतभर! त्याने फोटोंची लांबी-रुंदी फोनच्या काचेएवढी केली. चौदा एमबीचे दोन झाले. अजून खाली... तीनशे केबी. अजून... बारा!

"बारा केबी, आबा! बारा!" तो ओरडलाच.

आबांनी हातातले पत्ते न सोडता पडद्याकडे डोकावून पाहिलं.

"डोळो गेलो."

खरंच. मत्स्याच्या डोळ्याच्या जागी नुसता करडा चिखल होता. आबा प्रत्येक पत्त्यावर डोळा शेवटी घालत, आणि तो घातल्याशिवाय पत्ता हातावेगळा करत नसत. हे निरंजनने महिनाभर पाहिलं होतं आणि विसरलाही होता.

"किती राहिले पत्ते?"

"सात," येसूबाई म्हणाल्या. त्यांनाही आता डावापेक्षा हीच गंमत वाटू लागली होती.

तो एकेक पायरी मागे चढला. वीस... धूसर. तीस... नाही. चाळीस केबीला काळा ठिपका पुन्हा उमटला आणि मासा बघू लागला. दहाही राजे तसेच केले, कोपऱ्यात धावला, फोटो चढवले.

"तीन पत्ते!"

"मावशी, उघडा!"

"दोन!"

मावशींनी बोट टेकवलं.

"अगो बाय! इले! दहाय राजे इले गो, येसू! आणि माझो नरसिंह बघ कसो डोळे वटारता!"

येसूबाई हातातला शेवटचा पत्ता टाकायच्या विसरून फोनकडे धावल्या. निरंजन अंगणात चक्क नाचला. असा आनंद त्याला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

मग तो धापा टाकत आबांसमोर येऊन बसला. "आबा... आता शिकवाल?"

आबांनी पिशवीतून एक कुंचला काढून दिला. नवाकोरा, जाड, केसांनी गच्च भरलेला.

निरंजनने तो कपाळाला लावला. "याने काय रंगवू?"

"ह्येतले केस उपट," आबा म्हणाले. "डोळ्याचो ठिपको देऊक पुरतीत, तेवढेच ठेव."