गाय सोडणारं सरकार

फार पूर्वी डोंगरापलीकडे एक छोटंसं संस्थान होतं आणि तिथे एक मोठी गमतीची रीत होती. कमरेला लाल पट्टा बांधलेला माणूस दिसला, की त्याला 'सरकार' म्हणायचं. दिवाण म्हणजे सरकार, न्यायाधीश सरकार, कोतवाल सरकार, अंमलदार सरकार. इतकंच काय, कोंडवाड्याच्या दाराशी किल्ली घेऊन बसणारा राखणदार, तोही सरकारच.

ही रीत कुणी हुकूम काढून पाडलेली नव्हती. झालं असं, की एकदा एका माणसाने कचेरीच्या शिपायाला भाबडेपणाने 'अहो शिपाईदादा' अशी हाक मारली. शिपायाला राग आला आणि त्याने त्या माणसाला सबंध दिवस उन्हात बसवून ठेवलं. लोकांनी धडा घेतला. कोण लहान, कोण मोठा, कुणाच्या हातात काय आहे, या भानगडीत पडायचं कशाला? सगळ्यांना सरसकट सरकार म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण त्यामुळे कुठलं काम कोण करतो हेच लोकांना कळेनासं झालं. आणि पट्टेवाल्यांनाही हळूहळू वाटू लागलं, की आपल्याला सगळंच करता येतं.

या संस्थानात एक तरुण अंमलदार नव्याने नेमला गेला. वरून आलेला हुकूम अमलात आणायचा, एवढंच अंमलदाराचं काम. हुकूम काढायचा दिवाणाने, तंट्याचा निवाडा करायचा न्यायाधीशाने. हा तरुण स्वभावाने चांगला होता. त्याचे वडील आयुष्यभर याच कचेरीच्या पायरीशी हात जोडून उभे राहिले होते आणि बहुतेक वेळा तसेच परत गेले होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ वाकून 'सरकार' म्हणाला, तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या. घरी जाऊन त्याने पट्ट्याचा गोंडा स्वतःच्या हाताने विंचरला.

संस्थानची एक बाग होती. बागेत शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालावं, असा दिवाणांचा हुकूम होता. एके दिवशी एक गाय मोगऱ्याच्या ताटव्यात चरताना सापडली. अंमलदाराच्या माणसांनी ती धरली आणि कोंडवाड्यात नेऊन बांधली. हुकुमाप्रमाणे काम झालं.

दुपारी एक बाई धापा टाकत कचेरीत आली. तिला पुढेमागे कोणी नव्हतं. एक झोपडी, एक गाय आणि त्या गाईचं नुकतंच जन्मलेलं वासरू, एवढाच तिचा संसार.

"सरकार, माझी ढवळी सोडा हो," ती हात जोडून म्हणाली. "घरी तिचं वासरू आहे, अजून पायावर नीट उभंही राहत नाही. आईवाचून मरेल ते."

बाईचा हिशेब सरळ होता. ज्याने गाय धरली, तोच ती सोडणार. आणि अंमलदाराला खरं काय ते चांगलं ठाऊक होतं. 'मावशी, धरायचा अधिकार माझा आहे, सोडायचा नाही. तो न्यायाधीशांचा, तुम्ही तिकडे जा.' बोलायचं ते इतकंच. पण बाई पुन्हा 'सरकार' म्हणाली आणि ते वाक्य त्याने गिळून टाकलं. आपल्याला एक साधी गाय सोडता येत नाही, हे सांगायचं कसं?

"बघतो," तो म्हणाला. "उद्या या."

बाई आशेने घरी गेली. शेजारणीने वाटीभर शेळीचं दूध दिलं. बाईने त्यात बोटं बुडवून वासराला चाटवली. वासरू दोन थेंब चाटायचं आणि मान फिरवून दाराकडे बघायचं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. अंमलदार पुन्हा म्हणाला, "लक्ष आहे माझं. काळजी करू नका." त्याचं लक्ष खरंच होतं, यात खोटं काही नव्हतं. रात्री त्याला जेवण गेलं नाही. पण नुसतं लक्ष असून कुणाचं पोट भरतं?

मग बाई दुसऱ्या सरकारांकडे गेली. कोतवाल म्हणाला, "पाहू." कोंडवाड्याच्या राखणदाराने तर किल्ली बोटावर गरगर फिरवत सांगितलं, "विचार चालू आहे." त्याला कोण विचारतं आणि तो कसला विचार करतो! पण त्यालाही ती 'सरकार' म्हणाली होती ना. आत ढवळी हंबरत होती. राखणदार दूध काढायला गेला, की ती पान्हा चोरायची आणि लाथ झाडायची. तिचं दूध आटत चाललं होतं.

आणखी एक दिवस गेला. मग मात्र बाई एकटी आली नाही. वासराला पदरात गुंडाळून, छातीशी धरून ती आली आणि तिने ते कचेरीच्या पायरीवर ठेवलं.

"सरकार," ती म्हणाली, "माझ्या हातून हे जगत नाही. तुमच्या हातात सगळं आहे, आता तुम्हीच जगवा याला."

अंमलदार खाली वाकला. वासराने कशीबशी मान उचलली, वास घेतला, आणि पट्ट्याचा लोंबणारा लाल गोंडा तोंडात धरून ते चोखू लागलं. डोळे मिटून, डोक्याने हळूच ढुशा देत, ते चोखत राहिलं. गोंड्यातून दूध कुठलं यायला! थोड्या वेळाने त्याने गोंडा सोडला आणि पायरीवर डोकं टेकवलं.

अंमलदार तिथेच पायरीवर बसला. याच पायरीशी त्याचे वडील उभे राहायचे.

"मावशी," तो म्हणाला, "मला सरकार म्हणू नका. गाय सोडणं माझ्या हातात नाही. पहिल्या दिवशीही नव्हतं."

बाईने वासरू जवळ ओढलं. "मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सरकार म्हणालात, ते गोड लागलं. नाही म्हटलं तर लहान होईन, असं वाटलं."

"तुम्ही लहान झाला नाहीत," बाई म्हणाली. "माझं वासरू तेवढं अर्धं झालं." मग डोळे पुसून तिने विचारलं, "तुम्ही सगळेच सरकार. तर यातलं गाय सोडणारं सरकार कुठलं, तेवढं सांगा."

"सांगतो कशाला, दाखवतो," असं म्हणत अंमलदाराने वासरू खांद्यावर घेतलं आणि तो भर बाजारातून चालू लागला. नवा कोरा पट्टा वासराच्या लाळेने भिजला होता. लोक बघत होते, हसत होते. त्याने मान वर केली नाही आणि पावलंही थांबवली नाहीत.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. समोर आलेला तंटा तो उठायच्या आत निकालात काढायचा. पण समोर यायला तर हवा! त्याने बागेच्या माळ्याला बोलावलं.

"बागेला कुंपण होतं का रे?"

"होतं सरकार, पण वाऱ्याने पडलं. उभं करायचं राहून गेलं."

"मग यात गाईचा काय दोष? सोडा तिला." न्यायाधीशाने अंमलदाराकडे पाहिलं. "हे पहिल्याच दिवशी माझ्याकडे का आलं नाही?"

"चूक माझी आहे," अंमलदार म्हणाला.

हुकूम मिळाला, तशी राखणदाराची किल्लीही कुलपात फिरली. वासराला बघताच ढवळी दावं तोडायला बघू लागली. तिने त्याला चाटून चाटून ओलं केलं. दूध आलं, पण थोडंसंच. वासरू जगलं. मात्र वाढीच्या त्या पहिल्या दिवसांत जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, ते नाहीच मिळालं. ती कालवड पुढे ठेंगणीच राहिली.

त्या दिवसापासून कुणीही कचेरीत आलं, की अंमलदार आधी सांगायचा, "मला अंमलदार म्हणा. माझ्या हातात एवढं एवढं आहे. तुमचं काम त्यातलं नसेल, तर चला, ज्याचं आहे त्याचं दार दाखवतो." कोतवालाने नाक मुरडलं. "असं बोलून तुम्ही आमचीही पत घालवता," तो म्हणाला. पण लोकांना आता विचारायची सवय लागली होती. राखणदारालाही ते विचारू लागले, "हे तुमच्या हातात आहे का?" तोही किल्ली फिरवायची थांबवून खरं सांगू लागला. हळूहळू संस्थानात लोक प्रत्येकाला त्याच्या कामाच्या नावाने हाक मारू लागले, आणि कामं व्हायला लागली.

काही वर्षं गेली. एका सकाळी ती बाई पायरीशी आली. मागे ती ठेंगणी कालवड होती. आता ती गाय झाली होती आणि तिचं वासरू तिच्या पायात घुटमळत होतं. बाईच्या हातात झाकलेला डबा होता.

"अंमलदार आहेत का?" तिने हाक मारली. "पहिल्या चिकाचा खरवस आणलाय."

"मावशी, मला कचेरीत काही घेता येत नाही."

"ठाऊक आहे मला. हा खरवस अंमलदाराला नाहीच. पट्टा काढून ठेवा आणि बाहेर या."

त्याने पट्टा खुंटीला टांगला आणि पायरीवर येऊन तो तिच्याशेजारी बसला. खरवस गोड झाला होता, पण खाताना त्याची नजर पुन्हा पुन्हा समोर जात होती. समोर ती ठेंगणी गाय उभी होती आणि तिचं वासरू पोट फुगेपर्यंत दूध पीत होतं.

तात्पर्य: 'हे माझ्या हातात नाही' एवढं वेळेवर सांगून पुढचं दार दाखवणारा माणूस लहान होत नाही; मोठेपणापायी गप्प बसण्याची किंमत मात्र दारात उभा असलेला मोजतो.