धनेशाची ढोली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रानातले पशुपक्षी सभा भरवत आणि एकमेकांचं ऐकतही असत. निदान ऐकल्यासारखं तरी करत.

त्या रानाच्या सिंहराजाला एकदा टापटिपीचं वेड लागलं. "ही जुनी, पोकळ झाडं कशाला ठेवलीत? रानाची शोभा घालवतात नुसती!" झालं! हत्ती कामाला लागले आणि पंधरा दिवसांत एकही जुनं झाड उभं राहिलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली.

धनेश पक्ष्याचं मात्र धाबं दणाणलं. धनेश काही घरटं विणत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी शिरते, आतून दार लिंपून घेते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून फळं भरवतो. त्यांची रीतच तशी. आणि इथं त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले!

ढोलीसाठी तो रानभर वणवण फिरला. शेवटी सभेपुढे येऊन उभा राहिला.

"दादांनो, बायको अडली आहे. कुठंतरी आसरा द्या हो."

"विणायला काय होतं रे तुला?" सुगरण म्हणाली. "आम्ही नाही विणत?"

"एवढी थोरली चोच घेऊन कसं विणू, ताई?"

"मग चोच लहान ठेवायची!" कावळा म्हणाला, आणि सभा खो खो हसली.

"अहो, माझं घर होतं. ते पाडलं..."

"गप्प!" कोल्होबा वस्सकन अंगावर आले. "राजाच्या हुकमाला नावं ठेवतोस?"

सभेने मग पुष्कळ खल केला आणि निकाल दिला, की धनेश आळशी आहे, विणकाम शिकला नाही, म्हणून बेघर झाला. बुलबुलाला तेवढी दया आली. त्याने वाळक्या गवताची एक काडी दिली.

ती काडी धनेशाने बायकोपुढे ठेवली.

"एवढंच?" तिने विचारलं. त्याला मान वर करवेना.

तिने फांदीच्या बेचक्यातच अंडं घातलं. दुपारी वारा सुटला आणि अंडं खाली पडून फुटलं. केवढ्यांदा रडली ती! "आपलं काय चुकलं हो?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"मलाच विणता आलं नाही गं," धनेश म्हणाला. एव्हाना त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

दोघं रान सोडून गेली. त्या रानात पुन्हा कधी धनेश दिसला नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: बेघराचा दोष शोधण्याआधी त्याचं घर कुणी पाडलं, ते विचारावं.