कानात सांगितलेला हुकूम

फार जुनी गोष्ट. आठवडी बाजाराच्या एका गावात एक दवंडीवाला राहत असे. त्याचा आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या टोकाला झोपलेला म्हातारा दचकून उठून बसे. सरकारी हुकूम तो डफ वाजवून चौकात सांगे.

पण त्याला दुसराही एक आवाज होता, अगदी हळू. तो बाजाराच्या अमलदारासाठी. हा अमलदार मोठा बिलंदर. बाजारात जागा हवी, तर प्रत्येकाने मागच्या दाराने त्याच्या घरी काही ना काही पोचवायचं. कोणाकडून काय हवं, ते दवंडीवाला ज्याच्या त्याच्या कानात सांगून येई. पोटासाठी करतो, असं म्हणून तो मनाची समजूत घाली.

एकदा अमलदाराने टोपल्या विणणाऱ्या बाईकडे नातवासाठी बांबूचा पाळणा मागितला. "नाही दिलास तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल," दवंडीवाला तिच्या कानाशी कुजबुजला.

बाईचे हात थांबले. त्या जागेवरच तिची चूल पेटत होती. ती म्हणाली, "दादा, सरकारचा हुकूम तुम्ही चौकात ओरडून सांगता. मग हा कानात का सांगता?"

दवंडीवाल्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो तडक चौकात गेला आणि त्याने डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका! अमलदारसाहेबांना टोपलीवालीकडून फुकट पाळणा हवा! भडभुंज्याकडून पोतंभर चुरमुरे! तांबटाकडून नवा हंडा! न देणाऱ्याची जागा जाईल होऽऽ!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू दुकानादुकानांतून पसरत गेलं. आजवर प्रत्येकाला वाटायचं, हे भूत आपल्या एकट्याच्याच मानगुटीवर बसलंय.

अमलदार तणतणत आला. "हे ओरडायला कोणी सांगितलं रे तुला?"

"निरोप आपलाच आहे, साहेब. इतके दिवस हळू बोललो, ती चूक माझी."

अमलदाराने त्याचा डफ हिसकावला आणि त्याला चाकरीवरून काढून टाकलं. तोच तांबटाने हंडा पालथा घालून त्यावर हातोडा हाणला. "ऐका हो ऐका!" भडभुंजा ओरडला. टोपलीवाली आपल्या जागेवर पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आणखी काय हवं ते सांगा. आम्ही सगळे मिळून साऱ्या गावाला ऐकवतो!"

एकाची जागा काढून घेता येते. अख्खा बाजार कुठे उठवणार? अमलदार आल्या वाटेने चालता झाला. पुढच्या बाजाराला एकही दुकान हललं नाही, आणि दवंडीवाल्याला बाजारानेच आपल्या चाकरीला ठेवून घेतलं.

तात्पर्य: जी मागणी चौकात सांगायची लाज वाटते, ती मुकाट्याने पुरवू नये, सगळ्यांनी मिळून ती चौकातच आणावी.