व्याह्याचा भरलेला कोट

एका गावात एक भोळा माणूस होता. नाव हरबा. पोट नगाऱ्याएवढं, मन त्याहून मोठं, आणि जो जे सांगेल ते तंतोतंत करायचा. एवढंच काय ते त्याचं दुखणं.

बायको मथुरा शिवणकाम करायची. लग्नसराईच्या तोंडावर तालुक्याच्या पारसशेठनी आपल्या कापडदुकानापुढे फॅशन शो ठरवला. नवरदेवाचे कपडे घालायला काटकुळी पोरं ढिगाने मिळाली. पण व्याह्याचा कोट घालणार कोण? शेठनी हरबाचं पोट पाहिलं आणि खूश झाले. मथुरेला म्हणाले, यांच्या मापाचा बंद गळ्याचा कोट शिवा. लोकांना आवडला, तर यंदाच्या सगळ्या व्याह्यांचे कोट तुमच्याकडे.

मथुरेने लगेच कापड बेतायला घेतलं. असं काम तिला आजवर मिळालं नव्हतं.

इकडे पारावर कोणीतरी हरबाला सांगितलं की तू आता मॉडेल, आणि मॉडेलला पोट नसतं. हरबाने खाली पाहिलं. होतं.

तो तडक जिमवाल्या बबन मास्तरकडे गेला. मास्तरने भाकरी बंद केली. ताक आणि नाचणीची आंबील, बस. वर बजावलं, "जे घेशील ते चावून चावून घे."

हरबा घरी येऊन ताक चावत बसला. दुपार टळली तरी पहिला घोट तोंडातच. मथुरा काहीबाही विचारत होती, हा नुसता मान हलवत होता. शेवटी तिने पाठीत धपका घातला तेव्हा घोट खाली उतरला. ती म्हणाली, "अहो, पातळ असेल ते चावायचं नाही. दिसलं की पिऊन टाकायचं."

हरबा म्हणाला, "असं होय. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी मथुरेने कोटाची कॉलर कडक करायला खळ शिजवली आणि मशीनजवळ निवत ठेवली. हरबाने पाहिलं. पातळ होती. पिऊन टाकली.

मथुरेने कपाळावर हात मारला. म्हणाली, "मशीनजवळ ठेवलेलं प्यायचं नाही. ते कापडाला लावायचं."

"असं होय. पुढच्या खेपेला तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी आंबील केली. हातात सुई होती, म्हणून वाटी जरा मशीनजवळ टेकवली आणि पाणी आणायला गेली. परत येऊन बघते, तर हरबा कोटाच्या अस्तराला आंबील चोळतोय. अगदी मन लावून.

अस्तर उसवून नवं लावावं लागलं. तोवर भाकरीवाचून हरबा निम्मा झाला होता. मथुरेने त्याला कोट घालून बघितला, तर काठीवर गोणपाट टांगल्यासारखा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, अंग कोटाला बेतायचं नसतं, कोट अंगाला बेतायचा असतो. तुमचं पोट बघून तर काम आलं होतं. आता कसंही करा, पण उद्या हा कोट भरलेला दिसला पाहिजे."

"असं होय," हरबा म्हणाला. "भरतो."

शोच्या दिवशी पडद्यामागे पाहुण्यांसाठी बुंदीच्या लाडवांची परात ठेवली होती. हरबाने कोटाचा खालचा घेर आतून नाडीने आवळला आणि गळ्यातून एकेक लाडू आत सोडला. परात संपली. कोट भरला.

तो स्टेजवर आला तेव्हा बायका कौतुकाने बघत राहिल्या आणि पहिल्या रांगेतल्या गलेलठ्ठ पुरुषांनी आत ओढून धरलेली पोटं सैल सोडली. मथुरेच्या जिवात जीव आला. मग शेठनी माईकवरून सांगितलं, जरा बटणं काढून अस्तर दाखवा.

हरबाने बटणं काढली.

लाडू धडाधड खाली आले, पायऱ्यांवरून गडगडत थेट लोकांत गेले. हसून हसून लोक बाकांवरून घसरले. मथुरेने पदर तोंडावर घेतला. पण पहिल्या रांगेतले एक व्याही लाडू खात उठले आणि म्हणाले, "शेठ, एवढे लाडू मावतात म्हणजे जेवणानंतरही बटणं लागतील. मला हाच कोट हवा." मागोमाग सगळी रांग उठली.

काम मथुरेला मिळालं. मशीन दिवसभर धडधडू लागली. कोट शिवायचे तिने आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचे हरबाने, असं ठरलं. शेठनी हरबाला बाजूला घेऊन ताकीद दिली, "हे बघ, त्या दिवशीच्या कोटात जे जे होतं ते सगळं प्रत्येक कोटात असलं पाहिजे. गिऱ्हाइकाला बोलायला जागा नको."

"असं होय," हरबा म्हणाला.

आणि वाटेत थांबून प्रत्येक कोटाच्या अस्तरात त्याने लाडू कुस्करून भरले.

त्या लग्नसराईत आमच्या तालुक्यातल्या मांडवांत मुंग्यांना आमंत्रण द्यावं लागलं नाही, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत एका जागी उभा राहिलेला व्याही कोणी पाहिला नाही.