जासूची दुसरी कळी

वसईकडच्या एका वाडीत, केळी आणि मोगऱ्याच्या मधोमध, जासिंता नावाची पोर आपल्या आईबरोबर राहत होती. सगळे तिला जासू म्हणत. घर एवढंसं, कुडाचं. आई गजरे गुंफायची, त्यावर दोघींचं पोट भरायचं. पण बाळांनो, गेल्या पावसाळ्यापासून आईचे हातच थांबले होते. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आतला दिवाच कुणी फुंकला होता जणू.

जासू बिचारी फुलं तोडायची, पेज रांधायची, संध्याकाळी चर्चची घंटा झाली की गावच्या क्रूसापाशी पणती लावायची. शेजारची फिलूमावशी एकदा म्हणाली, "श्रद्धा कमी पडली की असंच होतं गं." झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. जासूने घरी येऊन आईला ऐकवलं, "तू प्रार्थना करत नाहीस, म्हणूनच अशी झालीस."

आईने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जासू मोगऱ्यात बसून हमसून हमसून रडत होती. तर काय, एका टपोऱ्या फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! इवलाले पंख दवाचे, झगा पांढराशुभ्र, चमचमणारा.

"रडू नको, चिमणे," परी म्हणाली. "या घे दोन कळ्या. एका कळीला एक इच्छा. पण कळी कोमेजली की इच्छाही सरते. आणि बोललेला शब्द मलाही परत आणता येत नाही हं."

"म्हणजे मी बोलले ते पुसता येणार नाही?"

"नाही गं, बाळा."

जासूने डोळे पुसले. "मग माझी आई हसू दे."

आणि आई हसली! खळखळून, घरभर हसली. पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला नाही गं हसायचं, जासू," हसता हसताच ती म्हणाली. दुपारी कळी कोमेजली तेव्हा आई पार गळून गेली होती. अरे देवा, हे काय मागून बसले मी! जासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या कळीपाशी तिने काहीच मागितलं नाही. ती कळी आईच्या तळहातावर ठेवली आणि शेजारी चटई ओढून बसली. "आई, चुकले मी. तसं बोलायला नको होतं."

आईने कळीवर बोटं मिटली. मग हळूच म्हणाली, "मी रोज प्रार्थना करते गं. शब्द सापडत नाहीत, एवढंच. येशूला म्हणते, तूही क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत एकटाच रडलास ना? मग बस माझ्यापाशी. आणि तो बसतो. तेवढ्यावर माझा दिवस निघतो."

"मीही बसू?"

"बस की."

चर्चची घंटा झाली. त्या संध्याकाळी जासूने पणती आईच्या उशाशी लावली. तिच्या उजेडात कळीवर परी दिसली. "काही न मागता दिलेली कळी कोमेजत नाही बरं," असं म्हणाली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

आई लगेच बरी झाली? छे! डॉक्टरीणबाईंची औषधं सुरू झाली, कधी चांगला दिवस, कधी वाईट. आईला ऐकवलेलं ते वाक्य जासूला अजून बोचतं. पण वाईट दिवशी ती आता आईला काही शिकवत नाही, चटई ओढून जवळ बसते.

मग एका सकाळी आईने दोरा मागितला. ती अजूनही ताजी असलेली कळी मधोमध घेऊन तिने हळूहळू एक गजरा गुंफला.

"मान कर इकडे," ती म्हणाली, आणि जासूच्या वेणीत माळला.